मोठा प्रकल्प आणण्याआधी त्या भागातल्या मतदारांचा कौल घ्यावा का?

खारेपाट
२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत मतदान झालं. उमेदवार कोणीच नव्हता. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही, एवढंच शेतकऱ्यांना विचारलं होतं. ही गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. पाण्याची वाट पाहता पाहता जमिनीचीच नोटीस आली. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला, तेव्हा विलासराव देशमुखांच्या सरकारने कौल घ्यायचं मान्य केलं. जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेने मतदान घेतलं. निकाल मात्र सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही. पुढे संपादन मुदतीत पुरं झालं नाही आणि प्रकल्प बारगळला, पण लोकांनी दिलेलं उत्तर फायलीतच राहिलं.

माझं मत स्पष्ट आहे. भूसंपादनाची पहिली अधिसूचना निघण्याआधी बाधित गावांत गुप्त मतदान व्हावं, मतमोजणी गावासमोर व्हावी आणि निकाल सरकारवर बंधनकारक असावा. दारूच्या दुकानाबाबत आपल्याकडे हे चालतंच ना! गावातल्या बायकांनी मागणी केली की मतदान लागतं, निम्म्याहून जास्त मतदार आडव्या बाटलीच्या बाजूने गेल्या की दुकानाला टाळं. एक दुकान बंद करायचा हक्क आहे आणि अख्खं शिवार जाणार असेल तेव्हा नाही, हे मला पटत नाही.

मोजपट्टी
खारेपाट, पेणच्या निकालाबद्दल तुमचा राग रास्त आहे. पण उपाय चुकीचा सांगताय. मी बांधकाम खात्यात नोकरी केली आहे, रस्त्याची आखणी जवळून पाहिली आहे. शक्तिपीठ महामार्ग सुरुवातीला १२ जिल्ह्यांतून आखला होता. मधल्या एका गावाने नको म्हटलं तर रस्ता शेजारच्या गावातून जाणार. त्याने का सोसायचं? आणि कचऱ्याचं काय? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी सोसला. कचरा डेपोला हो म्हणणारं गाव दाखवा मला. कुठेतरी तो करावाच लागतो, आणि तो निर्णय घ्यायलाच आमदार निवडून दिलेत. शिवाय १९६६ च्या नगररचना कायद्यात हरकती-सूचनांची सोय आहे. ती नीट वापरा.

सिंहगडरोड
हरकतींची सोय आम्ही वापरली, म्हणून लिहितो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हजारो हरकती गेल्या. लोकांनी नकाशे अभ्यासले, आरक्षणांचे सर्व्हे नंबर शोधले, सुनावणीला रजा काढून गेले. सुनावणीत प्रत्येकाला जेमतेम काही मिनिटं. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढूनच घेतला. ऐकून घेणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

आमदारांचं म्हणाल, तर जिल्ह्याचं नियोजन घटनेने जिल्हा नियोजन समितीकडे दिलंय. तिचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद-नगरपालिकांतल्या लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडायचे. पण २०२२ पासून कितीतरी ठिकाणी काही वर्षं निवडणुकाच नव्हत्या, प्रशासक कारभार पाहत होते. सदस्यच नव्हते, मग समितीत बोलायला होतं कोण? पालकमंत्री अध्यक्ष असतात, तेच ठरवतात.

कोयनाकाठ
दोन्ही बाजूंना एक प्रश्न विचारते. मतदार म्हणजे कोण?

आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. तेव्हा सगळ्या राज्याचा कौल घेतला असता तर आम्ही हरलोच असतो, कारण वीज सगळ्यांना हवी होती. १९२१ चा मुळशी सत्याग्रह आठवा. जमिनी मावळ्यांच्या गेल्या, वीज मुंबईला. मुंबईकरांसह मतदान घेतलं असतं तर सेनापती बापटांच्या बाजूला किती मतं पडली असती? धरणग्रस्तांची मुलं-नातवंडं अजून पुनर्वसनाच्या जमिनीसाठी मोर्चे काढतात. म्हणून ‘प्रदेशाचा कौल’ या शब्दांची मला भीती वाटते. बहुमताने थोड्यांचं घर घेणं हा न्याय नव्हे. कौल ज्याचं जातं त्याचाच हवा. आणि पेणमध्ये शेतकऱ्यांना विचारलं, ते ठीक. पण शेतावरची मजूर बाई, खाडीत जाळं टाकणारा कोळी, सातबाऱ्यावर नाव नसलेली सून? पोट त्यांचंही जातं.

मोजपट्टी
कोयनाकाठ, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. मतदार कोण हेच ठरत नाही. कोकणात तर आणखी अवघड. जमीन चाकरमान्याच्या नावावर, मत मुंबईत. प्रकल्पाची चाहूल लागली की बाहेरचे लोक जमिनी घेतात, नाणारच्या रिफायनरीच्या वेळी अशा तक्रारी झाल्याच. गावात पैसा वाटायला कितीसा वेळ लागतो? त्यापेक्षा मोबदला आणि पुनर्वसन कायद्याने आधी पक्कं करा, ताबा नंतर द्या. यावर सगळी ताकद लावा.

खारेपाट
पैसा तर विधानसभेलाही वाटला जातो, म्हणून कोणी निवडणूक बंद करा म्हणत नाही.

पुनर्वसन आधी, हे शंभर टक्के मान्य. पण नकाराचा हक्कच नसेल तर मोबदल्यासाठी भांडायचं कशाच्या जोरावर? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पाला ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सरकार-खासगी भागीदारीला ७० टक्के. सरकारचा स्वतःचा प्रकल्प असला की संमतीची अटच नाही. तिथेच खरी गळती आहे.

आणि गावकऱ्यांना विचारणं अशक्य नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानंतर ओडिशात नियमगिरीच्या खाणीसाठी १२ ग्रामसभा झाल्या. न्यायिक अधिकारी समोर बसलेले. बाराही ग्रामसभांनी नकार दिला आणि पुढे केंद्राने खाणीला परवानगी नाकारली. तिथे वनहक्क कायद्याचा आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा आधार होता. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून आमच्यासाठी वेगळी तरतूद मागतोय.

कोयनाकाठ ताई, यादीबद्दल तुमचं पटलं. गावच्या मतदार यादीतले सगळे, जमीन असो वा नसो. त्यात सातबाऱ्यावर नाव असलेले चाकरमानी धरावेत. घोषणेआधीच्या पाच वर्षांत जमीन घेतलेल्या बाहेरच्याला मत नाही.

कोयनाकाठ
पाच वर्षं कमी आहेत. आखणी त्याच्या कितीतरी आधी मंत्रालयात फिरत असते. दहा करा. आणि खाडीचे कोळी शेजारच्या गावच्या यादीत असतात, त्यांचं काय ते अजून सांगितलं नाहीत.