मदत हवी आहे : बहिणीला जिनिव्हाची इंटर्नशिप मिळाली, पण बिनपगारी. पाठवावं का?

पारोळेकर

नमस्कार मंडळी. आम्ही पारोळा तालुक्यातले, कोरडवाहू कापूसवाले. धाकटी बहीण पुण्यात एमए अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हातल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी तिची निवड झाली. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, यूएनच्या (संयुक्त राष्ट्रांच्या) छत्राखालची आहे एवढं पुरे. गावात पेढे वाटून झाले, भाऊबंदांच्या ग्रुपवर "यूएनमध्ये नोकरी लागली" म्हणून फोटो फिरला, आणि मग तिने पत्र वाचून दाखवलं. पगार नाही, भत्ता नाही. तिकीट, व्हिसा, राहणं-खाणं, आरोग्य विमा सगळं आपलं आपण. नंतर नोकरीची अपेक्षा ठेवू नये असंही एक कलम आहे. काम मात्र सोमवार ते शुक्रवार, पूर्ण वेळ.

आमचे वडील, नाना, सगळं ऐकून एवढंच बोलले, "पगारच नई ते कसानी नोकरी?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बँकेत गेलो. साहेब म्हणाले, ॲडमिशन लेटर आणि फीचा तक्ता आणा. इंटर्नशिपला फी नसते म्हटल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्याही पदवी नाहीतर पीएचडीच्या प्रवेशासाठी. उरला घरात भाव वाढायची वाट बघत पडलेला कापूस आणि आईच्या गळ्यातली पोत. ती तिने परवाच काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवली. बोलत काही नाही.

विचारायचं हे, की खर्च खरोखर किती येतो? तिथे इंटर्नला काम काय देतात, की नुसत्या झेरॉक्स? आणि जळगावात एक जण म्हणतो, 40 हजार भरा, वरून स्टायपेंड (भत्ता) मंजूर करून आणतो. यात तथ्य आहे का?

तापीकाठ

भाऊ, शेवटचं आधी. त्या माणसाला एक रुपया देऊ नका. यूएन भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर कुणाकडूनही पैसे घेत नाही, तसं त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेलं असतं. स्टायपेंड हा संस्थेचा नियम असतो, बाहेरचा माणूस तो "मंजूर" करून आणूच शकत नाही.

दुसरं, "यूएन" म्हणजे एक दुकान नाही. यूएनच्या मुख्य सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते. आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना बऱ्याच वर्षांपासून भत्ता देते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 पासून सुरू केला. मुलांसाठी काम करणारी युनिसेफ, विकासाचं काम बघणारी यूएनडीपीही देतात. ताईचं पत्र कुठल्या शाखेचं आहे आणि त्यात भत्त्याबद्दल नेमकं काय लिहिलंय, ते पुन्हा ओळ न ओळ वाचा.

भुसावळ जंक्शन

मी अशी इंटर्नशिप केली आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

काम झेरॉक्सचं नसतं. बैठकांना मागच्या रांगेत बसून नोंदी घ्यायच्या, संध्याकाळपर्यंत दोन पानांचा सारांश साहेबांच्या टेबलावर द्यायचा, अहवालांसाठी आकडे जुळवायचे. अधिवेशनाच्या आठवड्यात रात्र होते. शिकायला भरपूर मिळतं, यात खोट नाही. पण त्याच मजल्यावरच्या पगारी माणसाच्या कामात आणि तुमच्या कामात फरक शोधावा लागतो. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं 23 वं कलम, काम करणाऱ्या प्रत्येकाला न्याय्य मोबदल्याचा हक्क, मी तिथेच पहिल्यांदा नीट वाचलं. त्या दिवशी दुपारी डब्यात कालचाच भात होता.

खर्च. खोलीचं भाडं महिन्याला 700 ते 1000 फ्रँक, तेही मिळाली तर. फ्रँक शंभर रुपयांच्या वरच धरा. विद्यार्थी वसतिगृहांना महिनोन् महिने आधी अर्ज लागतो, तेव्हा आजच मेल टाका. बाहेर जेवायचं नावच काढू नका, डाळ-तांदूळ-मसाला इथून न्या. आम्ही सगळे इंटर्न सभांनंतरच्या चहापानावर लक्ष ठेवून असायचो, कारण तिथे सँडविच फुकट. लाज वाटायची पहिल्या आठवड्यात, मग नाही वाटत.

सीमेपलीकडे फ्रान्समध्ये खोली स्वस्त मिळते म्हणून कुणी सांगेल. ताईचा व्हिसा स्वित्झर्लंडचा असणार, त्यावर फ्रान्समध्ये बिऱ्हाड करता येत नाही. या भानगडीत पडू नका. 90 दिवसांच्या वर राहायचं असल्याने लाँग-स्टे म्हणजे डी प्रकारचा व्हिसा लागेल. त्याला वेळ लागतो, आणि राहण्याचा खर्च कोण करणार याचा पुरावा मागतात. कापूस विकून आलेली रक्कम शेवटच्या दिवशी एकदम खात्यात भरू नका, आडत्याची पट्टी (विक्रीची पावती) जपून ठेवा.

शेवभाजी

2015 मध्ये जिनिव्हात न्यूझीलंडचा 22 वर्षांचा इंटर्न तळ्याकाठी तंबूत राहत होता, ती बातमी आठवते का? जगभर गाजली, त्याने राजीनामा दिला. नंतर त्यानेच सांगितलं, की हा प्रश्न चव्हाट्यावर यावा म्हणून मुद्दाम केलं होतं. तरी प्रश्न खरा होताच. आरोग्य संघटनेचा भत्ता पुढे इंटर्न लोकांनीच रेटा लावून मिळवला. जिनिव्हा कँटनने (म्हणजे तिथल्या राज्याने) 2020 मध्ये किमान वेतन तासाला 23 फ्रँक केलं, पण ते या इंटर्नच्या वाट्याला येत नाही. माझं स्पष्ट मत : ज्याच्या बापाला परवडतं त्यालाच ही संधी, आणि मग हेच लोक जगाच्या गरिबीवर अहवाल लिहितात. पोत मोडू नका.

तापीकाठ

शेवभाजी, राग बरोबर आहे पण ताईचं काय? दिल्लीत आयएलओचं ऑफिस आहे, आरोग्य संघटनेचं दक्षिण-पूर्व आशियाचं कार्यालय आहे, युनिसेफ आहे. तिथेही इंटर्न घेतात आणि भत्ता देतात. दिल्लीची खोली जिनिव्हाच्या एका महिन्याच्या भाड्यात बरेच महिने मिळेल. सीव्हीवर नाव तेच. फक्त पात्रता बघा. बहुतेक ठिकाणी शिकत असलेला किंवा नुकताच पास झालेला उमेदवार लागतो, म्हणजे एक वर्ष थांबून अर्ज करू असं चालणार नाही.

पारोळेकर

सगळ्यांचे आभार. एजंटचा नंबर ब्लॉक केला. पत्र पुन्हा वाचलं, भत्ता नाहीच. पण कालावधी "दोन ते सहा महिने" असा आहे. बहिणीने संस्थेला मेल टाकला, की तीन महिन्यांची करता येईल का आणि त्यातला काही भाग घरून ऑनलाइन चालेल का. दिल्लीच्या दोन ठिकाणीही अर्ज भरायला बसली आहे. नाना म्हणाले, तीन महिन्यांचं असेल तर कापूस काढू, पोतीला हात लावायचा नाही.

भुसावळ भाऊ, मुक्काम 90 दिवसांच्या आत बसला तर छोटा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसा चालेल ना? आणि विमा इथल्याच कंपनीचा चालतो, की तिथला घ्यावा लागतो?

भुसावळ जंक्शन

90 दिवसांच्या आत शेंगेन असतो, पण इंटर्नशिप हे कारण अर्जात स्पष्ट लिहा, टुरिस्ट म्हणून अजिबात जाऊ नका. स्विस वकिलातीला पत्राची प्रत जोडून एकदा विचारून घ्या. विमा माझा इथलाच होता, संस्थेने चालवून घेतला. पॉलिसीवर स्वित्झर्लंड आणि पूर्ण तारखा छापलेल्या हव्यात. तारखा मोजताना परतीचा दिवसही धरा.