मासेरचा व्हिला बार्बारो: व्हेनिसहून एक दिवस काढावा का?

शेवग्याची_शेंग:
सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन व्हेनिसला जातेय. पल्लादियो या सोळाव्या शतकातल्या इटालियन वास्तुकाराचा एखादा व्हिला बघायचाय. बाबा सिव्हिल इंजिनिअर, आईला राजवाड्यांचा कंटाळा ("सगळीकडे तीच झुंबरं"). व्हिला बार्बारोत म्हणे अजून माणसं राहतात. मग आत सोडतात का?

कौलारू:
सोडतात, पण ठरावीक खोल्यांतच. बुटांवर फेल्टच्या सपाता चढवाव्या लागतात, म्हणजे त्यांची फरशीही फुकटात पुसून होते! रोज उघडा नसतो, वार बघून जा.

आईंना सांगा, शेतावरचं घर बघायला चाललोय. १५५० च्या दशकात दानिएले आणि मार्कान्तोनियो या बार्बारो भावांनी ते बांधून घेतलं. दानिएले स्वतः वास्तुकलेचा जाणकार. त्याने प्राचीन रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसचा लॅटिन ग्रंथ इटालियनमध्ये आणला (१५५६), त्यासाठी आकृत्या पल्लादियोने काढल्या. मध्ये मालकांचं घर, दोन्हीकडे कमानींच्या लांब पडव्या, त्यांत शेतीचा पसारा, टोकांना कबुतरखाने.

बाबांना पाण्याची वाट नक्की दाखवा. मागच्या टेकडीतला झरा आधी छोट्या तळ्यात, तिथून स्वयंपाकघरात, मग बागांना, पुढे रस्त्याकडेला जनावरांच्या पाणवठ्यावर आणि शेवटी फळबागेत. पल्लादियोने १५७० च्या आपल्या ग्रंथात हे सगळं हौसेने लिहिलंय. आतल्या भिंती मात्र वेरोनेसे या चित्रकाराने रंगवल्यात: खोट्या दारातून डोकावणारी मुलगी, वर सज्जात घरची मालकीण आणि म्हातारी दाई. पण ग्रंथात वेरोनेसेचं नावसुद्धा पल्लादियो घेत नाही. मला वाटतं, आपल्या भिंतींवरचा हा खेळ त्याला रुचला नसावा.

शेवग्याची_शेंग:
बाबा आत्ताच खूश! पण शेती आता कुठली असणार?

कौलारू:
आहे की. द्राक्षमळे आहेत, तिथली वाईन विकतात. १९३४ मध्ये व्हेनिसचा उद्योगपती जुझेप्पे व्होल्पीने ही वास्तू घेतली. व्हेनिस चित्रपट महोत्सवातला 'व्होल्पी कप' त्याच्याच नावाचा. त्याच्या मुलीने डागडुजी करून घेतली. १९९६ पासून युनेस्कोच्या यादीतही आहे.

पायपीट:
मोन्तेबेल्लूनापर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी. ज्येष्ठ मंडळी सोबत असताना बसच्या भानगडीत पडू नका. रस्त्यापलीकडचं गोल घुमटाचं छोटं चर्चही पल्लादियोचंच, १५८० चं, त्याच्या शेवटच्या कामांपैकी एक. बाहेरून तरी बघून घ्या.