प्रतिसाद: ग्रोझच्या मुलीचा फुटका घडा

वर एकांनी लिहिलंय की, अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार ग्रोझ याच्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या चित्रातली मुलगी पाणी भरायला गेली, घडा फुटला, एवढाच विषय आहे. फुटका घडा म्हणजे तिचं हिरावलेलं कौमार्य, असले बाकीचे अर्थ आपणच चिकटवतो. मला हे पटत नाही.

चित्र जवळून बघा. मागे पाण्याचं कारंजं आहे, पण तिचं तिकडे लक्षच नाही. घडा हातात अडकवलेला, घड्याच्या कुशीला मोठं भगदाड. ज्यात आता थेंबभरही राहणार नाही, तो घडा ती अजून का वागवतेय? दोन्ही हातांनी झग्याचा घोळ पोटाशी घट्ट आवळलाय आणि त्यात खुडलेली फुलं. गळ्याभोवतीचा रुमाल सुटलेला. घडा फुटल्याने रुमाल सुटत नाही हो! आणि ती रडतही नाही, सरळ आपल्याकडे बघते. मला तर ती नजर सोसवत नाही.

शिवाय ग्रोझचा हा एकच प्रयोग नाही. मेलेल्या पक्ष्याजवळ बसलेल्या मुलीचं त्याचं चित्र १७६५च्या पॅरिसच्या प्रदर्शनात होतं. ते बघून दिदरो या फ्रेंच लेखक-समीक्षकाने तेव्हाच लिहिलं होतं की, ही पोर नुसत्या पक्ष्यासाठी रडत नाहीये. म्हणजे असा अर्थ लावणारे आपण पहिले नाही, चित्रकाराच्या काळातले लोकही तसंच वाचत होते.

माझी तक्रार वेगळीच आहे. तिच्यावर जे गुदरलं ते ग्रोझने इतकं गोड, गुलाबी रंगवलंय की बघणारा हळहळतो आणि सुखावतोही. ज्याने घडा फोडला तो मात्र चित्रात कुठेच नाही.