रील सुंदर होतात, धडा हरवतो. काय करू?

इतिहासाच्या बाई:
नववीला शिकवते. निबंध चार ओळींत उरकणारी मुलं मोबाइलवर एकेक कट जुळवत तासन्‌तास बसतात, म्हणून फ्रेंच राज्यक्रांतीवर या वेळी 60 सेकंदांची रील मागितली. वर्षभर तोंड न उघडलेला मागच्या बाकावरचा मुलगा सगळ्यांत आधी घेऊन आला, इतका आनंद झाला! पण जवळजवळ प्रत्येक रीलमध्ये गिलोटिन (शिरच्छेदाचं यंत्र) आणि दणदणीत संगीत. 1788च्या गारपिटीत पीक बुडालं, पाव महागला, करांचा बोजा गरिबांवरच होता, यातलं काही नाही. त्या मुलाची तर पूर्ण रील राणी मारी आंत्वानेतच्या ‘पाव नसेल तर केक खा’ या वाक्यावर, जे ती म्हणाल्याचा पुरावाच नाही. परत निबंधाकडे वळू का?

प्रयोगवही:
वळू नका, ताई. आधी कागदावर मजकूर मागा, रील नंतर. मिनिटभरात सव्वाशे-दीडशे शब्दच मावतात. काय ठेवायचं, काय गाळायचं यावर वर्गात भांडू द्या, खरं शिकणं तिथेच होतं. मी गुण मजकुरालाच देतो. चांगला फोन असलेल्याला जास्त गुण का मिळावेत?

ग्रंथपाल:
एडिटिंग येतं म्हणजे पारख येते असं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी 2017 मध्ये मांडलेला अभ्यास मला फार उपयोगी पडला. 10 इतिहासकार, 10 फॅक्ट-चेकर (माहिती खरी की खोटी ते तपासणारे) आणि 25 विद्यार्थ्यांना संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण तेच पान वाचत बसले आणि फसले. फॅक्ट-चेकर लगेच नव्या टॅबमध्ये ‘हे लोक कोण?’ ते शोधायला गेले. मुलाला रागवू नका, टॅब उघडायला लावा. तो शोध हीच त्याची रील होऊ दे.

इतिहासाच्या बाई:
दोन्ही करून पाहिलं. फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या रूसो या विचारवंताने ही केकची गोष्ट एका अनाम राजकन्येच्या नावावर लिहिली आणि तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात राहणारी लहान मुलगी होती, हे त्या मुलाने स्वतः शोधलं. नव्या रीलची सुरुवात जुन्या रीलवर लाल काट मारून. मजकूर पाच वेळा खोडला. संगीत का काढलंस विचारलं, तर म्हणाला, “बाई, शब्द ऐकू येत नव्हते.”

गारपीट मात्र अजून कुणाच्याच रीलमध्ये नाही. सोमवारी पावाच्या भावापासूनच सुरुवात करते.