भाचीचं कम्युनिटी कॉलेज आणि फाफ्सा: स्पॉन्सर मामाचं उत्पन्न दाखवावं लागतं का?

सनीवेलचा_मामा
नमस्कार मंडळी. बहीण, दाजी आणि त्यांची दोन मुलं एफ४ (अमेरिकन नागरिकाच्या भावंडांसाठीच्या) ग्रीन कार्डवर जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात आली. आय-८६४, म्हणजे त्यांच्या आर्थिक आधाराची स्पॉन्सरची हमी, मी भरलाय. मोठी भाची १८ वर्षांची, इथल्या हायस्कूलमध्ये बारावीला आहे. ऑगस्ट २०२६ पासून कम्युनिटी कॉलेज आणि दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर, असा बेत आहे. दाजींचा २०२४ चा पगार पुण्यातला, साधारण १४ लाख. इथे त्या वर्षाचा टॅक्स भरलेला नाही, तिकडे आयटीआर भरलाय. सगळे सध्या आमच्याच घरी राहतात.
फाफ्सात, म्हणजे फेडरल विद्यार्थी मदतीच्या अर्जात, माझा पगार धरणार का? तिने पेल ग्रँट (परत न करायची फेडरल मदत) घेतली तर सरकार माझ्याकडे वसुलीला येईल का? आणि त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटचं काय?

आकडेमोड
स्पॉन्सरसाठी फाफ्सात रकानाच नाही. भाची २४ च्या आतली आणि अविवाहित, म्हणजे डिपेंडंट. तिची आणि आईवडिलांची माहिती, बस्स. भाडं न देता मामाकडे राहतात हे कुठे लिहायचं नाही, आणि कुटुंबात तुम्हाला मोजायचंही नाही. माणसं चारच.

आय-८६४ वरून वसुली होऊ शकते ती ठरावीक सरकारी योजनांची. फेडरल विद्यार्थी मदत कायद्यानेच त्यातून वगळलेली आहे, आणि ग्रीन कार्डनंतर पाच वर्षं थांबण्याची अटही तिला लागत नाही. निर्धास्त राहा.

आता खरं किचकट काम. २०२६-२७ च्या फाफ्साला २०२४ चं उत्पन्न लागतं. १०४० (अमेरिकेचं टॅक्स रिटर्न) भरला नाही म्हणून उत्पन्न शून्य टाकणं ही नव्याने आलेल्यांची ठरलेली चूक. 'परदेशात रिटर्न भरलं' हा पर्याय निवडायचा आणि आयटीआरमधले आकडे अर्ज भरायच्या दिवसाच्या दराने डॉलरमध्ये लिहायचे. समजा दर ८८ आहे, तर १४ लाखांचे सुमारे १५,९०० डॉलर. दोन्ही पालक असलेल्या घराला पूर्ण पेलची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १७५ टक्के असते. २०२४ ची रेषा चार माणसांना ३१,२०० डॉलर, म्हणजे मर्यादा ५४,६००. दाजी तिच्या कितीतरी खाली आहेत. २०२५-२६ मध्ये पूर्ण पेल वर्षाला ७,३९५ डॉलर होती. त्या दिवसाच्या दराचा स्क्रीनशॉट, फॉर्म १६ आणि आयटीआर एका फोल्डरमध्ये ठेवा. कॉलेजने अर्ज व्हेरिफिकेशनला काढला तर हेच मागतात.

भारतात नवरा-बायकोचं रिटर्न एकत्र नसतं, त्यामुळे ताई आणि दाजी दोघांनाही फाफ्साचं स्वतंत्र खातं उघडून आपापली सही करावी लागेल. आयआरएसकडून (अमेरिकेच्या आयकर खात्याकडून) माहिती घेण्याची संमती दोघांनीही द्यायचीच, तिथे काही सापडणार नसलं तरी. एकानेही नाही म्हटलं तर फेडरल मदत तिथेच अडते.

कोथरूडचा फ्लॅट: राहतं घर धरत नाहीत, पण आता ते राहतं घर राहिलेलं नाही. मालमत्तेचा प्रश्न समोर आला तर आजचा बाजारभाव वजा उरलेलं गृहकर्ज, असं गुंतवणुकीत दाखवा. एफडी आणि बचत खातंही धरतात. ईपीएफ निवृत्तीचं खातं, ते धरत नाहीत.

पूर्वकिनारा
मध्येच विचारते. मुलगी एच४ वर (एच१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल तर?

आकडेमोड
फेडरल मदत नाही, म्हणजे पेलही नाही. मात्र मूल अमेरिकन नागरिक आणि आईवडील एच१बी-एच४ वर, असं असेल तर मुलाला सगळं लागू. पालकांचा व्हिसा आड येत नाही.

युनिट_मोजणारी
मामा, पेलच्या नादात रेसिडेन्सी विसरू नका, पैसा तिथे जातो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटला (कोर्सच्या एका क्रेडिटला) ४६ डॉलर फी आहे, बाहेरच्यांना त्याच्या कितीतरी पट. वर्ष आणि एक दिवस राज्यात राहणं झालेलं असावं लागतं, आणि मोजणी होते ती सेमिस्टर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. जुलै २०२५ ते ऑगस्ट २०२६, म्हणजे फॉलला (ऑगस्टच्या सेमिस्टरला) बसतं. पण 'मोकळीच आहे, एखादा कोर्स उरकू दे' म्हणून जूनच्या समरला नाव घातलंत तर तेव्हा वर्ष भरलेलं नसेल, आणि फी बाहेरच्यांची लागेल. पुरावे आईवडिलांचे आणि तिचे, दोन्ही ठेवा: लायसन्स, बँक खातं, राज्याचं २०२५ चं रिटर्न.

रहिवासी ठरली की कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटमध्ये हे ४६ डॉलर माफ होतात. हेल्थ फी, पार्किंग, लॅबचं सामान यात येत नाही. फी माफ झाल्यावर पेलची रक्कम जवळजवळ अख्खी पुस्तकांना आणि बसभाड्याला हातात येते, म्हणून दोन्ही मिळून कामाचं. राज्याच्या कॅल ग्रँटची मुख्य तारीख २ मार्च. ती चुकली तरी कम्युनिटी कॉलेजवाल्यांना २ सप्टेंबरची दुसरी संधी असते. तिचा जीपीए (गुणांची सरासरी) हायस्कूलने राज्याकडे पाठवलाय ना, हे समुपदेशकाला विचारून घ्या. तो गेला नसेल तर अर्ज नुसता पडून राहतो.

आणि युनिट! १२ ला फुल टाइम म्हणतात, पण कॅल ग्रँट बी किंवा सी मिळाली की वर स्टुडंट सक्सेस कम्प्लीशन ग्रँट येते: १२ ते १४.९९ युनिटना सेमिस्टरला कमाल १,२९८ डॉलर, १५ ला कमाल ४,०००. तीन युनिटचा एक जादा कोर्स, फरक २,७०२. झेपत असेल तरच घ्या, हेही तितकंच खरं.

कारण सोडण्याची किंमत मोठी आहे. पेल युनिटच्या प्रमाणात मिळते: ९ युनिटला ७५ टक्के, ७ ला ५८. सेमिस्टरच्या ६० टक्के दिवसांआधी सगळेच कोर्स सोडले तर न 'कमावलेला' हिस्सा परत जातो, आणि कॉलेजची थकबाकी राहिली की पुढची नोंदणी अडते. एखादाच कोर्स सोडून 'डब्ल्यू' (सोडल्याची नोंद) घेतला तरी घेतलेल्या युनिटपैकी पूर्ण किती, हे प्रमाण घसरतं. बहुतेक ठिकाणी ६७ टक्के आणि २.० जीपीए लागतो. मेजरच्या (मुख्य विषयाच्या) यादीत न बसणारा कोर्स पेलच्या हिशेबात धरत नाहीत, तेव्हा आधी एज्युकेशन प्लॅन करून घ्या. पेलची आयुष्यभराची मर्यादा १२ सेमिस्टर आहे. इथे चार संपली की युनिव्हर्सिटीसाठी आठच.

सनीवेलचा_मामा
खूप आभार. खातं उघडताना भाचीचं नाव 'जुळत नाही' असं येतंय.

आकडेमोड
वडिलांचं नाव! पासपोर्टवर ते मुलीच्या नावाच्याच रकान्यात असतं, आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर कधी मधलं नाव होतं, कधी पहिल्या नावाला चिकटतं. फाफ्सा सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी पडताळतो, म्हणून त्या कार्डावर जसं छापलंय तसंच टाका, ग्रीन कार्ड काहीही म्हणो. कार्डच चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. अर्जात विचारतात तो ए-नंबर म्हणजे ग्रीन कार्डावरचा 'यूएससीआयएस नंबर', नऊ अंकी. पडताळणीला एक ते तीन दिवस लागतात. तोवर दुसरं खातं उघडायला जाऊ नका, घोळ वाढतो.