शब्दचर्चा (लिहिणारे टोपणनावांनी) : यंत्र ‘दाखल’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

रंकाळाकाठ : कोल्हापुरात राजारामपुरीत दुकानाच्या काचेवर कागद असतो, ‘नवा लॅपटॉप दाखल’. आत गेलं की उत्तर मिळतं, ‘पुढच्या महिन्यात येईल, आत्ता बुकिंग करून ठेवा.’ बातम्यांतही तसंच : कंपनीने परदेशात नुसतं अनावरण केलेलं असतं आणि मथळा असतो ‘बाजारात दाखल’. जाहीर झालेलं, पण कारखान्यातून न निघालेलं यंत्र, याला मराठीत काय म्हणावं? ‘व्हेपरवेअर’साठी ‘बाष्पयंत्र’ वाचलं होतं, पण त्याने आगगाडीचं इंजिन डोळ्यांपुढे येतं.

गूळसौदा : शब्द मार्केट यार्डात तयार आहेत. ‘हजर माल’ आणि ‘वायदा’. गुळाच्या सौद्यात रवे, म्हणजे ढेपा, समोर मांडलेले असतात, रंग आणि कणी बघूनच भाव बोलला जातो. तो हजर माल. माल पुढच्या तारखेला देण्याचा शब्द म्हणजे वायदा. तेव्हा दुकानात उघडून बघता येतं ते हजर यंत्र, आणि तारीख देऊन विकलं जातं ते वायद्याचं यंत्र. तारीखच दिली नसेल तर त्याला वायदाही म्हणू नये, ती फक्त घोषणा. ‘दाखल’मध्ये आत येऊन पोचणं आहे. पेशंट दवाखान्यात दाखल झाला म्हणजे तो खाटेवर असतो, वाटेत नसतो.

क्रियापद : गोंधळाचं एक कारण व्याकरणातही आहे. मराठीत अगदी जवळच्या भविष्यासाठी भूतकाळ चालतो : ‘हा आलोच’, ‘निघालोच बघा’. विक्रेता ‘आलाच समजा’ म्हणतो तेव्हा तो भाषेच्या दृष्टीने चुकत नाही. पण त्यातला ‘च’ लिहिताना गळतो आणि ‘आला’ एवढंच उरतं, मग ते सरळ भूतकाळ म्हणून वाचलं जातं. बातमीत ‘येऊ घातलेला’ लिहावं. अचूक आहे आणि कानालाही परका नाही.

जुनी यंत्रे : वायद्यांतही फरक करायला हवा, कारण हेतू वेगळे असतात. तीन उदाहरणं देतो.

आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० या मोठ्या संगणकांच्या मालिकेतली अतिवेगवान मॉडेल्स जाहीर केली, तेव्हा कंट्रोल डेटा या प्रतिस्पर्धी कंपनीचा ६६०० हा महासंगणक विकायला होता. त्या वर्गातलं मॉडेल ९१ ग्राहकाकडे पोचलं १९६७ मध्ये. १९६८ च्या डिसेंबरात कंट्रोल डेटाने दावा लावला, त्यात आरोप होता ‘कागदी यंत्रे’ आणि ‘भुताचे संगणक’ दाखवून विक्री अडवल्याचा. १९७३ मध्ये तडजोड झाली. यासाठी माझा शब्द ‘थोपवघोषणा’ : दुसऱ्याचं गिऱ्हाईक थोपवण्यासाठी केलेली.

दुसरं, संगणक बनवणारा ॲडम ऑस्बॉर्न. त्याचा ऑस्बॉर्न १ हा उचलून नेता येणारा संगणक १९८१ चा, सुमारे ११ किलोचा, पाच इंची पडद्याचा, किंमत १,७९५ डॉलर. १९८३ मध्ये पुढच्या ‘एक्झिक्युटिव्ह’ मॉडेलची वाच्यता आधीच झाली, विक्रेत्यांनी जुन्याच्या मागण्या थांबवल्या आणि त्याच सप्टेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. ‘ऑस्बॉर्न इफेक्ट’ हे नाव इथून आलं. मात्र सगळा दोष घोषणेवर टाकू नये. नऊ इंची पडद्याचा प्रतिस्पर्धी संगणक कायप्रो तेव्हा समोर उभा होता.

तिसरं, सिंक्लेअर क्यूएल हा ब्रिटिश संगणक : १२ जानेवारी १९८४ ला जाहीर, २८ दिवसांत देण्याचा वायदा. पहिली यंत्रं मिळाली एप्रिलच्या अखेरीस, तीही अर्धवट. आतल्या जागेत ३२ केबीची रॉम (कायमच्या साठवणीची चिप) मावत होती आणि तिच्यात भरायची प्रणाली झाली ४८ केबीची, म्हणून उरलेले १६ केबी मागच्या बाजूने बाहेर लटकणाऱ्या तुकड्यात घालून दिले. घाईच्या वायद्याची खूण अशी यंत्राच्या पाठीवर दिसते.

रंकाळाकाठ : आणि ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’? ते बसेल ना?

जुनी यंत्रे : जे कधीच आलं नाही त्यालाच. विंडोज १० नोव्हेंबर १९८३ ला जाहीर झालं, मिळालं २० नोव्हेंबर १९८५ ला. त्याला कढी म्हणणं अन्याय होईल, तो लांबलेला वायदा. न आलेल्या यंत्राच्या वेगावरून आज जे वाद घालतात, त्यांच्यासाठी ‘बाजारात तुरी’ ही म्हण आहेच.

शाहूपुरी काउंटर : हजर की वायदा, हे ओळखायची खूण खोक्यावर आणि यंत्राच्या तळाशी असते. भारतात लॅपटॉप विकायला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. मानक चिन्हाखाली ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ आकडे बघा. खोक्यावर कमाल किंमत आणि निर्मितीचा महिना-वर्ष छापलेलं असतं. परदेशात विक्री सुरू झाली तरी ही नोंदणी नसेल तर इथे ते यंत्र वायद्याचंच. जाहिरातीतलं नाव सबंध मालिकेचं असतं, त्यामुळे बुकिंगच्या पावतीवर पूर्ण मॉडेल क्रमांक, रॅम आणि एसएसडी लिहून घ्या. नाहीतर हाती येतं ते त्याच नावाचं कमी ताकदीचं.

बिल मात्र माल येण्याआधी फाडू देऊ नका. वॉरंटी सहसा बिलाच्या तारखेपासून मोजतात. यंत्र महिन्याने आलं तर तो महिना गेला. मालाच्या आगाऊ रकमेवर नियमित करदात्या दुकानदाराला जीएसटी भरावा लागत नाही, नोव्हेंबर २०१७ पासून. त्यामुळे तोवर बिलाऐवजी आगाऊची पावती पुरते.

गूळसौदा : त्या पावतीवर ‘इसार’ लिहू नये, आमच्याकडे विसार म्हणतात ते. गिऱ्हाईक फिरलं तर इसार बुडतो, हा त्या शब्दाचाच अर्थ आहे. ‘आगाऊ रक्कम, परत मिळण्याजोगी’ असं लिहावं, आणि खाली वायद्याची तारीख.

क्रियापद : तारखेपुढे ‘पर्यंत’ हवंच. ‘१५ तारखेनंतर’ लिहिलं तर दिवाळीही १५ तारखेनंतरच येते.