मिलानच्या नव्या रेस्टॉरंटमध्ये जैन आई-पप्पांना काय खाता येईल?

हरिपूर_रोड
ताई मिलानला नोकरीला आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर आई-पप्पा सांगलीहून तिच्याकडे जातायत. तिच्या घराजवळ नवीन इटालियन रेस्टॉरंट उघडलंय, तिथं त्यांना एकदा जेवायला न्यायचं आहे. मांस, मासे, अंडं, कांदा, लसूण, बटाटा, गाजर यातलं काही चालत नाही. दारूचा थेंबही नको. जेवण दिवस मावळायच्या आत. पाव, चीज चालतं. मेनूवर 'व्हेजिटेरियन' लिहिलं असलं की भागेल का? आणि टेबल किती वाजताचं धरावं?

वारणाकाठ
भागणार नाही. तिथल्या 'व्हेजिटेरियन'मध्ये अंडं धरलेलं असतं आणि कांदा-लसणाचा विचारच नसतो. शिवाय खरी अडचण ताटात वरून दिसत नाही. बहुतेक सूप आणि बरेचसे सॉस सोफ्रित्तोपासून सुरू होतात: कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून तेलात मंद आचेवर परतायची. हा सॉस बऱ्याचदा आधीच पातेलंभर करून ठेवलेला असतो. 'कांदा नको' म्हटलं की वरचा कांदा निघतो, सॉसमधला तसाच राहतो. म्हणून 'सॉस कशात केलाय, पाणी कशाचं घातलंय' असंच विचारायचं.

मिलानचा पिवळाधमक केशरी रिसोत्तो (मऊसर भात) बघून कुणालाही शाकाहारी वाटेल. पण तो कांद्यावर सुरू होतो, त्यात व्हाइट वाइन पडते, तो मांसाच्या पाण्यात शिजतो आणि पारंपरिक कृतीत हाडातली मज्जाही असते. तो सरळ सोडा. ताल्यातेल्ले, रॅव्हिओली असल्या ताज्या पास्त्यात सहसा अंडं असतं. सुकी स्पगेत्ती किंवा पेन्ने मात्र नुसत्या दुरुम गव्हाच्या रव्याची आणि पाण्याची.

सगळ्यात सुरक्षित मार्गेरीता पिझ्झा. नेपल्सच्या पद्धतीत त्याचा सॉस शिजवतच नाहीत, टोमॅटो कुस्करून मीठ घातलं की झालं. तरी विचारा, काही ठिकाणी तयार मसालेदार सॉस वापरतात. मारीनारा पिझ्झ्यात लसूण असतो, तो नको. दुसरा पर्याय 'पास्ता इन ब्यांको', म्हणजे उकडलेला पास्ता आणि वर ऑलिव्ह तेल. लहान मुलांना, पोट बिघडलेल्यांना इटलीत हेच देतात, त्यामुळे मेनूत नसला तरी सांगितलं की करून मिळतो.

मिरज_जंक्शन
चीज चालतं म्हणालात, पण ते दूध कशानं नासवलंय ते बघा. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानोला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. पास्त्यावर हेच किसून घालतात, म्हणून 'सेन्झा फोर्माज्जो' (चीजशिवाय) आधीच सांगायचं. पेस्तो या हिरव्या सॉसमध्येही ते असतं, वर लसूण. मोझरेलाचं प्रत्येक कंपनीचं वेगळं, 'काल्यो वेजेताले?' (रेनेट वनस्पतीजन्य आहे का?) असं विचारा. नीट उत्तर आलं नाही तर मार्गेरीता चीजशिवाय घ्या, वर भाजलेली झुकिनी आणि ढोबळी मिरची घालून.

युरोपात डिसेंबर 2014 पासून हॉटेलांना 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते. ती यादी मागा. अंडं, मासे तर कळतातच, पण सेलरीवरही नजर टाका: सॉसपुढे सेलरी लिहिली असेल तर कांदा-गाजर जवळपास नक्की. रेनेट, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं), कांदा, लसूण त्या यादीत येत नाहीत, ते तोंडानंच विचारावं लागतं. पान्ना कोत्तात जिलेटिन, तिरामिसूत अंडं, म्हणून गोडाला फळंच बरी.

कृष्णाकाठ
रात्रीचं टेबल नकोच. ऑक्टोबरच्या मध्यावर तिथं पावणेसातच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि रेस्टॉरंटं संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं जातात, मग तर सूर्यास्त सव्वापाचवर येतो. दुपारी साडेबाराचं टेबल धरा. अडीचच्या आसपास स्वयंपाकघर बंद होतं. नव्या जागेत वेटरांना पदार्थांची पुरती माहिती नसते, म्हणून ताईंनी एक दिवस आधी लिहून कळवावं आणि गेल्यावर चिठ्ठी आत शेफकडे द्यावी. तोंडी निरोप वाटेत बदलतो. चिठ्ठीत एवढं तरी असावं: सेन्झा कार्ने, पेशे, उओवा, चिपोल्ला, आल्यो, पताते, कारोते, व्हीनो (म्हणजे मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, वाइन यांच्याशिवाय).

बिलात माणशी 2-3 युरो 'कोपेर्तो' दिसेल. तो बसण्याचा आकार, मेनूवर छापलेला असतो. वेगळी टीप द्यायलाच हवी असं नाही. पाणी बाटलीचं येतं, विकत: 'नातुराले' साधं, 'फ्रिझान्ते' सोड्यासारखं.

हरिपूर_रोड
फार उपयोगी माहिती. पोलेंता चालेल का? मक्याचाच असतो ना?

वारणाकाठ
मक्याचं भरड पीठ, पाणी, मीठ, आपल्या कण्यांसारखाच. पण बऱ्याचदा उतरवताना त्यात लोणी आणि ग्राना चीज घोटतात. पातेल्यात आधीच मिसळलेलं असेल तर सोडा. साधा थापून भाजलेला तुकडा असेल तर भाज्यांबरोबर छान लागतो, फक्त त्याच जाळीवर मांस भाजतात का ते विचारा आणि तव्यावर वेगळा परतून मागा.